मांजराला मधुमेह निघाला तर पहिला महिना असा काढा

आमच्या भुऱ्याचा मधुमेह सगळ्यात आधी दिसला तो लिटर बॉक्समध्ये. रोज सकाळी लघवीने घट्ट झालेल्या लिटरचे तीन-चार गोळे निघायचे, लिंबाएवढे. ते मुठीएवढे व्हायला लागले आणि चाराचे सात झाले. मला वाटलं, नवं लिटर जास्त फुगतंय. पाण्याचं भांडं दुपारीच तळाला जायचं. मला वाटलं, उकाडा आहे. खाणं तर वाढलंच होतं. ताटली चाटूनपुसून पुन्हा ओट्याखाली येऊन उभा राहायचा, त्यामुळे हे आजारपण असेल हे मनातच आलं नाही. आजारी मांजर खात नाही, एवढंच मला ठाऊक. मग एक दिवस उचलून घेतलं तर पाठीचा कणा बोटांना लागला. वजन केलं. ६.८ किलोचा बोका ५.६ वर आला होता. आणि चालताना मागचे पाय पंजांवर न उचलता टाचेपर्यंत जमिनीला टेकवत होता.

हे सगळं एकाच कारणाने होतं. रक्तातली साखर डेसिलिटरमागे साधारण २५० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मांजराच्या मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही, ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून गोळे मोठे, म्हणून तहान. पेशींना मात्र ती साखर वापरता येत नाही, म्हणून भरपेट खाऊनही वजन घटतं. शुगर बराच काळ चढलेली राहिली तर मागच्या पायांच्या नसा दुखावतात आणि चाल अशी बसकी होते. उपचार वेळेवर सुरू झाले तर पाय बऱ्याचदा सुधारतात, पण त्याला महिने लागतात. तुमच्या मांजराची यातली एकच खूण दिसत असली तरी थांबू नका. मी दोन-अडीच आठवडे थांबले आणि ते मला अजून लागतं.

घरात माझी आई आहे, ७४ वर्षांची. ती बारा वर्षं इन्सुलिन घेते. त्यामुळे निदान ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे आपल्याला येतं. त्यातलं अर्धं खरं होतं. सुईची भीती घरात नव्हती, शुगर उतरली की माणूस कसं दिसतं ते आम्ही पाहिलेलं होतं. पण उरलेलं अर्धं, म्हणजे माणसाचं माहीत आहे म्हणून मांजराचंही माहीत आहे असं वाटणं, तेच मला सगळ्यात महागात पडणार होतं.

निदानाच्या दिवशी

मांजर दवाखान्यात घाबरतं, आणि घाबरलेल्या निरोगी मांजराचीही शुगर ३०० च्या पुढे जाऊ शकते. म्हणून एकट्या रक्ताच्या आकड्यावर कुणी मधुमेहाचा शिक्का मारत असेल तर लघवीतली साखर तपासली का, हे विचारा. तरीही शंका उरली तर फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी असते. तिच्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांतली शुगर साधारण कशी होती ते कळतं, त्या दिवसाच्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. त्याच वेळी लघवीत जंतुसंसर्ग आहे का, दात-हिरड्या कशा आहेत, स्वादुपिंडाला सूज आहे का, हेही पाहून घ्यावं. यातलं काहीही चालू असेल तर इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, आणि मग आपण डोस वाढवत बसतो.

आणखी एक गोष्ट आपणहून सांगा: मागच्या काही महिन्यांत खाजेसाठी, दम्यासाठी किंवा तोंडाच्या सुजेसाठी स्टिरॉइड दिलं गेलं होतं का. गोळ्या असोत की महिनाभर काम करणारं इंजेक्शन, स्टिरॉइडमुळे मधुमेह उघडा पडू शकतो. मात्र चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप २ सारखा असतो. शरीर इन्सुलिनला जुमानत नाही आणि स्वादुपिंड थकत जातं. जास्त वजन, दिवसभर घरात बसून राहणं, वाढतं वय, नसबंदी झालेला बोका, हे सगळं जोखमीत भर घालतं. भुऱ्या या प्रत्येक रकान्यात बसत होता. त्या संध्याकाळी मी आईजवळ रडले, माझ्यामुळेच झालं म्हणून. आई म्हणाली, "अगं, आता त्याचं जेवण आणि सुई बघ. बाकीचं नंतर." तुम्हालाही तेवढंच सांगते.

दवाखान्यातून निघण्याआधी पाच उत्तरं कागदावर लिहून घ्या: इन्सुलिनचं पूर्ण नाव, सिरिंज कोणती, किती युनिट, जेवला नाही तर काय करायचं, आणि रात्री कुणाला फोन करायचा. तोंडी ऐकलेलं त्या दिवशी डोक्यात राहत नाही.

चढलेली आणि उतरलेली

चढलेली शुगर आठवड्यांच्या हिशोबाने नुकसान करते. इन्सुलिन जास्त पडून उतरलेली शुगर काही तासांत जीव घेऊ शकते. पहिल्या महिन्यातले माझे जवळजवळ सगळे निर्णय या दोन वाक्यांवर झाले, आणि एकदाच मी ते विसरले. म्हणून डॉक्टर सुरुवात लहान डोसने करतात. भुऱ्याला १ युनिट, दिवसातून दोनदा. आकडे आठवडाभर तीनशे-साडेतीनशेच राहिले आणि मला वाटत होतं, हे चाललंय तरी काय, वाढवत का नाहीत. शरीराला नव्या डोसशी जुळायला पाच-सात दिवस द्यावे लागतात, आणि वाढवायचं तेही अर्ध्या-एक युनिटने. आज आकडा मोठा दिसला म्हणून आज जास्त टोचलं, असं कधीही करायचं नाही.

सिरिंजचा घोळ

या भागात घाई करू नका, कारण इथली चूक डोळ्यांना दिसत नाही.

इन्सुलिनच्या बाटलीवर यू-४० किंवा यू-१०० लिहिलेलं असतं. यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, यू-१०० म्हणजे १००. सिरिंजवरच्या रेघा त्या-त्या ताकदीप्रमाणे आखलेल्या असतात. मांजरांना देतात त्यातलं प्रोटामाइन झिंक इन्सुलिन यू-४० असतं, ग्लार्जिन बहुधा यू-१०० मिळतं. आता यू-१०० चं इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत ओढलंत, तर आत १ नाही, २.५ युनिट जातं. उलट केलंत, तर फक्त ०.४. रेघ दोन्ही वेळा एकच दाखवते.

आमच्या फ्रिजमध्ये आईचं यू-१०० आणि भुऱ्याचं यू-४०, दोन्ही शेजारी. सिरिंजा एकाच खणात. तिसऱ्या दिवशी आईनेच ते पाहिलं आणि म्हणाली, "हे असं ठेवलंस तर एक दिवस त्याला माझं आणि मला त्याचं जाईल." तिने तिचा डबा वरच्या कप्प्यात नेला, भुऱ्याचा खालच्या भाजीच्या खणाशेजारी ठेवला आणि त्यावर जाड शाईने मांजर काढलं. यू-४० च्या सिरिंजचं टोपण सहसा लाल असतं आणि यू-१०० चं केशरी, पण रंगावर विसंबू नका. सिरिंजवर छापलेला आकडा आणि बाटलीवरचा आकडा, दोन्ही वाचा, प्रत्येक नवं पाकीट उघडताना.

इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही. एकदा गोठलं तर वितळवून वापरायचं नाही, टाकून द्यायचं. भुऱ्याचं प्रोटामाइन झिंक दुधाळ दिसतं. ते दोन तळहातांत हलकेच फिरवून एकसारखं करायचं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि ते गढूळ दिसलं तर वापरायचं नाही. कुठलं फिरवायचं, कुठलं हलवायचं, कुठल्याला धक्काही लावायचा नाही, हे तुमच्या बाटलीसाठी वेगळं असेल. विचारून घ्या.

टोचायचं कसं

डॉक्टरांनी आधी सलाइन भरलेल्या सिरिंजने दुमडलेल्या टॉवेलवर सराव करून घेतला. तुम्हीही मागून घ्या. पहिल्या दहा वेळा हात थरथरणारच आहे, तो टॉवेलवर थरथरू दे.

ओढताना बुडबुडा आला तर सिरिंज उभी धरून टिचकी मारा आणि तो वर ढकलून परत भरा. कातडीखाली गेलेल्या इवल्याशा बुडबुड्याने इजा होत नाही, पण डोस १ युनिटचा असताना बुडबुडा त्यातलं बरंच खाऊन टाकतो.

आम्ही ताटली ठेवतो, भुऱ्या खायला लागतो, चार-पाच घास आत गेले की मी त्याच्या मागे बसते. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी बरगड्यांच्या मागची, कुशीची कातडी वर उचलते. तिचा छोटा तंबू होतो. त्या तंबूच्या बुडाशी, अंगाला जवळजवळ समांतर, सुईचं तिरपं तोंड वर ठेवून आत. दट्ट्या दाबायचा, क्षणभर थांबायचं, बाहेर काढायचं. मानेवरची सैल कातडी सोपी वाटते, पण रोज तिथेच टोचलं तर ती जाडसर होते. सकाळी डावी कूस, संध्याकाळी उजवी, आणि दरवेळी बोटभर पुढे-मागे.

झाल्यावर त्या जागेवरून बोट फिरवा आणि बोटाचा वास घ्या. तंबूच्या पलीकडून सुई आरपार गेली असेल तर केस ओले लागतात आणि औषधाचा उग्र वास येतो. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात दोनदा असं झालं. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. अर्धं गेलं असेल म्हणून अर्धं परत, तेही नाही. वहीत लिहायचं आणि पुढच्या वेळेची वाट पाहायची.

प्रत्येक सुई एकदाच वापरायची. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत.

वेळ बारा तासांची. आम्ही सात आणि सात ठरवली. कधी तासभर मागेपुढे झालं तर जग बुडत नाही. पण मांजर जेवलं नाही, किंवा जेवून ओकलं, तर नेहमीचा डोस टोचायचा नाही. आधी डॉक्टरांना फोन. म्हणूनच ताटली आधी आणि सुई नंतर.

ताटलीत काय

मांजर मुळात मांसाहारी प्राणी. त्याला प्रथिनं जास्त आणि पिष्टमय पदार्थ कमी लागतात. मधुमेहात तर फारच कमी. कोरड्या दाण्यांना आकार धरायला स्टार्च लागतो, म्हणून बहुतेक कोरडं खाणं यात नापास होतं आणि ओलं डबाबंद खाणं पास. एकूण कॅलरींपैकी पिष्टमय भाग साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा.

डब्यावर हा आकडा बहुधा नसतो, पण काढता येतो. प्रथिनं, स्निग्ध, पाणी, तंतू आणि राख (म्हणजे खनिजं) यांची बेरीज करून ती १०० मधून वजा करा. उरेल ते पिष्टमय. राख लिहिलेली नसेल तर ओल्या खाण्यात २ धरा, कोरड्यात ७. मग प्रथिनांना ३.५ ने, स्निग्धाला ८.५ ने आणि पिष्टमयाला ३.५ ने गुणा. आमच्या एका ओल्या डब्यावर प्रथिनं ११, स्निग्ध ६, पाणी ७८, तंतू १, राख २ होती. बेरीज ९८, म्हणजे पिष्टमय २. कॅलरी झाल्या ३८.५, ५१ आणि ७. एकूण ९६.५ पैकी ७, म्हणजे सुमारे ७ टक्के. भुऱ्या वर्षानुवर्षं खात होता त्या दाण्यांच्या पिशवीवर ३२, १४, ८, ४ आणि ७. पिष्टमय उरतं ३५. त्याच हिशोबाने कॅलरींच्या सुमारे ३५ टक्के. लेबलवरचे आकडे किमान-कमाल असतात त्यामुळे उत्तर अंदाजेच येतं, पण ७ आणि ३५ मधला फरक समजायला ते पुरतं. पिशवीवर 'घरात राहणाऱ्या मांजरांसाठी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी ते विश्वासाने घेत होते.

पण हा हिशोब वाचून उद्या सकाळी खाणं बदलू नका. इन्सुलिन चालू असताना पिष्टमय एकदम कमी केलं तर इन्सुलिनची गरजही एकदम कमी होते, आणि कालचा बरोबर डोस आज जास्त ठरतो. आम्ही दहा दिवसांत थोडं-थोडं बदललं, रोज शुगर मोजत, डॉक्टरांना कळवत. मूत्रपिंडांचा त्रास असलेल्या मांजराला खाणं वेगळं लागू शकतं, तिथे त्यांचंच ऐका.

जाड मांजराला बारीक करण्यासाठी उपाशी ठेवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याशिवाय राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते, आणि तो आजार मधुमेहापेक्षा लवकर घात करतो. वजन उतरवायचं तर आठवड्याला एक टक्का, फार तर दोन. भुऱ्या तर आधीच घटला होता, त्यामुळे पहिले दोन महिने आम्ही ते सोडूनच दिलं.

कानातला थेंब

घरी शुगर मोजायला शिका. हे मी कळकळीने सांगते, कारण घरातला आकडा हा घाबरलेल्या मांजराचा आकडा नसतो.

थेंब कानाच्या कडेतून घेतात. कानामागे टॉर्च धरला की कडेने धावणारी बारीक शीर दिसते. टोचायचं ते शिरेच्या आणि कडेच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, शिरेवरच नाही. आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने कान मिनिटभर धरून ठेवा. थंड कानातून रक्त येत नाही. पाठीमागे कापसाची घडी ठेवा, नाहीतर सुई आरपार येऊन तुमच्याच बोटात जाते. मोहरीएवढा थेंब पुरतो. मग कापसाने अर्धं मिनिट दाबून धरा, म्हणजे काळंनिळं होत नाही. भुऱ्या पहिल्या चार दिवशी ओट्याखाली पळून गेला. पाचव्या दिवशी टोचल्या-टोचल्या लगेच उकडलेल्या मांसाचा तुकडा दिला. दहाव्या दिवशी टॉर्च पेटवला की तोच येऊन बसायला लागला.

मीटर प्राण्यांसाठीचा घ्या. माणसाचा मीटर मांजराच्या रक्तात बहुधा कमी आकडा दाखवतो. एकाच थेंबावर आईच्या मीटरने २१२ दाखवले आणि भुऱ्याच्या मीटरने २६८. माणसाचाच वापरणार असाल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि तोच एक शेवटपर्यंत ठेवा.

डॉक्टर अधूनमधून दिवसभराचा आलेख मागतात: बारा तास, दर दोन तासांनी. त्यात बघायचा तो सगळ्यात खालचा आकडा. तो ८० ते १५० च्या मध्ये यावा. टोचण्याआधीचा आकडा थोडा वर असला तरी घाबरायचं नाही. कातडीवर चिकटवायचे सेन्सरही मांजरांवर चालतात आणि दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतात, पण भुऱ्याने पहिला चार दिवसांत चाटून काढला.

ती रात्र

अकराव्या दिवशी मला यायला उशीर झाला. सव्वासात वाजून गेले होते. भुऱ्या रिकाम्या ताटलीशी बसलेला. मी बूटसुद्धा न काढता थोडं खाणं वाढलं, १ युनिट भरलं आणि टोचलं. सिरिंज बरणीत टाकताना आई आतून आली आणि म्हणाली, "अगं, सातला दिलं ना मी त्याला."

ती मदत करायला गेली होती. मी विचारलं नव्हतं. वही तेव्हा होती, पण आम्ही ती रात्री झोपताना भरत होतो.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, खायला समोर ठेवा, दर तासाला मोजा, ८० च्या खाली गेलं तर अर्ध्या तासाने मोजा आणि मला सांगा. ६० च्या खाली गेलं तर लगेच मध. त्या वेळी आकडा ३१८ होता. दहाला १४२. बाराला ७१. तेव्हाही तो अगदी शहाण्यासारखा बसला होता, डोळे मिटून, आणि हेच भयंकर होतं. बघून काहीच कळत नव्हतं. साडेबाराला ५८. आईने मध बोटावर घेतला, ओठ उचलला आणि हिरडीवर चोळला. मी ओल्या खाण्यात थोडे जुने दाणे मिसळून पुढे केले. ज्या पिष्टमयासाठी त्या दाण्यांवर इतके दिवस राग धरला होता, तेच त्या रात्री कामाला आलं. तो जेवला. एकला ६६, दोनला ७४, चारला १०४. सकाळी सातचा डोस डॉक्टरांनी गाळायला लावला.

तेव्हापासून वही फ्रिजच्या दाराला दोरीने बांधलेली आहे आणि नियम असा की आधी वहीत वेळ आणि सही, मग बाटलीला हात. सही दिसली तर कुणीही बाटली उघडत नाही. घरात दोन माणसं असतील तर हे पहिल्याच दिवशी करा.

मांजर अचानक लडखडायला लागलं, वेड्यासारखं खायला मागायला लागलं, शून्यात बघायला लागलं, अंग थरथरायला लागलं, तर मीटर शोधत बसू नका, उतरलेली शुगर समजूनच वागा. गिळता येत असेल तर खाणं द्या. नसेल तर मध किंवा ग्लुकोजचा पाक हिरड्यांवर चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं, आणि बोट दातांत जाणार नाही हे बघा. सुधारलं तरी दवाखाना गाठा, कारण टोचलेलं इन्सुलिन अजून अंगात काम करत असतं आणि मधाचा परिणाम थोडाच वेळ टिकतो.

दुसऱ्या टोकाची एक धावपळही आहे. इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की रक्तात कीटोन साठतात. मांजर खाणं सोडतं, ओकतं, मलूल पडतं, श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येऊ शकतो. लघवीत कीटोन बघायच्या पट्ट्या मिळतात, घरात असू द्या. मधुमेही मांजर दिवसभर जेवलं नाही आणि पट्टीचा रंग बदलला, तर सकाळची वाट बघू नका.

वहीत काय लिहायचं

वेळ, सही, डोस, किती ग्रॅम खाल्लं, लिटरमधले गोळे, रविवारी वजन. आणि पाणी. सकाळी मोजून ओतायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजून वजा करायचं. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी म्हणजे नक्कीच जास्त. भुऱ्या सुरुवातीला ६२० मिलिलिटर प्यायचा, पाचव्या आठवड्यात १८० वर आला. त्यात ओल्या खाण्याचाही वाटा आहे, तरी ज्यांना कान टोचणं जमत नाही त्यांनी निदान पाणी आणि वजन एवढं जरी नेमाने लिहिलं, तरी डॉक्टरांना बरंच कळतं.

डोस वाढत-वाढत गेला आणि शुगर ढिम्म हलत नसेल, वजन उलट वाढत असेल, तर वाढीच्या संप्रेरकाचा आजार आहे का, हे तपासायला सांगा. त्यासाठी आयजीएफ-१ ही रक्ततपासणी असते.

सुईशिवायचं

तोंडाने द्यायची औषधंही आली आहेत. अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन या पातळ औषधाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर सोडतात. पण ती मांजराच्या स्वतःच्या उरलेल्या इन्सुलिनवर अवलंबून असतात. म्हणून आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला, किंवा जे मांजर खात नाही, ओकतं, ज्याच्या लघवीत कीटोन आहेत, त्याला ती देत नाहीत. या औषधांवर शुगर जवळजवळ ठीक दिसत असतानाही कीटोन साठू शकतात, म्हणून तिथे आकडा चांगला आला तरी कीटोन बघावेच लागतात. तुमचं निदान कालचंच असेल तर इन्सुलिन सुरू होण्याआधी याबद्दल विचारा. आमच्याकडे ती वेळ निघून गेली होती.

काही मांजरांची इन्सुलिनची गरज पूर्ण संपते. लवकर सुरुवात, कमी पिष्टमय खाणं आणि बारीक लक्ष असेल तर ही शक्यता वाढते. कारण चढलेली साखर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना दमवत असते, ती खाली आली की त्या पेशींना उसंत मिळते. चार आठवडे इन्सुलिनशिवाय शुगर नीट राहिली तर मांजर मधुमेहातून बाहेर पडलं असं धरतात, तरी मोजणं सोडायचं नाही, कारण मधुमेह परत येऊ शकतो. भुऱ्याचं इन्सुलिन सुटलेलं नाही. तो आता सव्वादहा वर्षांचा आहे, दोन वेळा दीड युनिट घेतो, ५.९ किलो आहे. मागचे पाय चौथ्या महिन्यात सरळ झाले.

मागच्या महिन्यात आईला घेऊन दोन दिवस बाहेर जावं लागलं. माझा भाचा राहायला आला. त्याला आधी दोन दिवस बोलावून माझ्यासमोर चार वेळा टोचायला लावलं. फ्रिजवर चिठ्ठी लावली: आधी सही. जेवला तरच सुई. न जेवल्यास मला किंवा डॉक्टरांना फोन. दिलं की नाही अशी शंका आली तर देऊ नकोस.

दुसऱ्या संध्याकाळी त्याचा फोन आला. टोचताना भुऱ्या उडाला, केस ओले लागले, वास आला, किती आत गेलं कळत नाही. मी म्हटलं, राहू दे, परत देऊ नकोस. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा आकडा ३४० होता. भाचा अपराधी चेहऱ्याने उभा होता. आईने वहीतली त्याची सही आणि खाली लिहिलेली "केस ओले" ही नोंद वाचली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी सातचा डोस भरायला घेतला.